रिकामा स्पर्श

“हो गं, लागतेय ऊब. छान वाटतंय. राहू दे अशीच.”

आईचा हा आवाज अकरा वर्षांपूर्वीचा. थकलेला, पण लेकीचं मन राखायला जरासा हसरा केलेला. थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ होती, आणि आईचे पाय गारठून लाकडासारखे झाले होते. धाकटी लेक, जिला घरात सगळे करंगळी म्हणत, रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून घेऊन आली. पिशवी तिने आईच्या उजव्या टाचेखाली सारली, वरून चादर ओढली आणि विचारलं, “लागतंय का गं?” आई हो म्हणाली. करंगळी निश्चिंत मनाने शेजारच्या खोलीत जाऊन केस विंचरत बसली, आणि विंचरता विंचरता तिचा डोळा लागला.

आईला काहीच लागत नव्हतं. साखरेच्या आजाराने तिच्या पायांतल्या नसा कधीच्या मुक्या झाल्या होत्या. ऊब नाही, चटका नाही, काटा नाही, वाळू नाही. लेक एवढी पाणी तापवून घेऊन आली, तिला नाही कसं म्हणायचं, एवढ्यासाठी ती हो म्हणाली होती.

दीड तासाने करंगळीने चादर वर केली. टाचेच्या मागच्या बाजूला पानाएवढा फोड आला होता, आणि आई शांत झोपली होती. करंगळीने पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं, पिशवी कपाटामागे टाकली आणि कोणाला काही बोलली नाही. संध्याकाळी सांगू म्हणाली. सकाळी सांगू म्हणाली. सकाळी बाबांनी फोड पाहिला, दाराशी पडलेली मागच्या पट्ट्याची नवीकोरी चप्पल पाहिली, आणि म्हणाले, “चावली ही.” चप्पल आदल्याच आठवड्यात थोरलीने, ताईने, आईसाठी आणली होती.

फोड फुटला. जखम झाली, काळी पडली, वर चढत गेली. चाळीस दिवसांत आई गेली. माणसांनी भरलेल्या घरात बाबा ताईला म्हणाले, “तुझ्या चपलेने नेली तिला.” ताईने एक शब्द उलट काढला नाही. दाराशी गेली, दोन्ही चपला उचलल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, काखेत धरल्या आणि निघाली. ती पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. करंगळी खिडकीत उभी होती. तोंड उघडायला एवढा वेळ पुरला असता. तिने ते मिटलेलंच ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी बाबाही गेले, काहीही न ऐकता. सांगायला आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते कुठे राहतं हेही करंगळीला ठाऊक नव्हतं.

तर ही करंगळी आता चाळिशीला आली होती, आणि दिवसभर लोकांच्या तळपायांना एकच प्रश्न विचारत होती. लागतंय का?

तिची नोकरीच तशी होती. शहराच्या कडेला एका संशोधन केंद्रात एका औषधाची चाचणी चालली होती. औषध कांद्याच्या सालीतून काढलेलं. साखरेच्या आजारात पायांच्या नसा मरतात, त्या या पिवळ्या पुडीने वाचतात का, एवढंच पाहायचं होतं. निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशाच पिवळ्या रंगाची पोकळ. कोणाला कोणती, ते घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्याला माहीत नाही, तपासणाऱ्याला तर मुळीच नाही. कोणती कोणाला हे सांगणारा कागद कुठल्याशा तिजोरीत बंद होता.

करंगळीच्या खोलीत एक जाड राखाडी पडदा होता. पडद्याला खाली चौकोनी फट. पलीकडे खाटेवर माणूस झोपायचा, आणि फटीतून फक्त दोन पावलं अलीकडे यायची. अलीकडे एक स्टूल, एक दिवा, एक टेबल आणि करंगळी. चेहरा दिसायचा नाही, नाव कळायचं नाही, यायचे-जायचे दरवाजेही वेगळे. ओळखीने हात हलका पडू नये म्हणून हा बंदोबस्त. पलीकडच्या नर्सबाई नंबर पुकारायच्या, “नऊ नंबर तयार!” आणि नऊ नंबरचे पाय दिव्याखाली यायचे.

तिच्या हातात पेनासारखी एक मूठ असायची आणि मुठीच्या टोकाला नायलॉनचा दोरा, घोड्याच्या केसाएवढा. दोन्ही तळव्यांवर मिळून दहा जागा ठरलेल्या. दोरा टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, मनात एक-दोन म्हणायचं, उचलायचा. ज्याला लागलं त्याने हो म्हणायचं. या कामामुळे तिला केंद्रात सगळे दोरेताई म्हणत.

“दोरेताई, तुमची मजा आहे बुवा,” नर्सबाई चहाच्या वेळी म्हणत. “आम्हाला लोकांची तोंडं बघावी लागतात. तुम्हाला नुसते पाय. पाय काही कटकट करत नाहीत.”

“करतात की. नखं नीट कापलेली नसली की फार बोलतात.”

कामाचा एक नियम मात्र विचित्र होता. प्रत्येक जागी तीन वेळा विचारायचं, पण त्यातली एक खेप रिकामी. म्हणजे हात तसाच पुढे न्यायचा, आवाज तसाच द्यायचा, “आता?” आणि दोरा टेकवायचाच नाही. कारण माणसं मन राखायला हो म्हणतात. समोरची बाई एवढं विचारतेय, नाही कसं म्हणायचं. रिकाम्या वेळी हो म्हटलं की तो हो पकडला जायचा. रिकामी खेप पहिली, दुसरी की तिसरी, हे बंद पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असायचं, आणि पाकीट ऐन वेळी फुटायचं. रिकाम्या खेपेला दोनदा हो आला की त्या पायांची नोंद बाद, आणि नंबरही चाचणीतून बाद.

ही नोकरी मिळाली तेव्हा पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाईंनी हा नियम सांगितला आणि करंगळीने तो वहीत उतरवून घेतला. अकरा वर्षांपूर्वी हा नियम कोणी सांगितला असता तर.

सतरा नंबरचे पाय पहिल्यांदा आले ते एका सकाळी, दहाच्या सुमारास. फटीतून आधी डावा आला, मग उजवा. करंगळीने दिवा ओढून घेतला आणि तिचा हात दिव्याच्या मानेवरच राहिला.

अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. पायाची करंगळी आत वळून शेजारणीच्या पोटाखाली शिरलेली. घोट्याच्या आत निळ्या शिरेचा एक छोटा फाटा. हे पाय तिने चेपले होते, धुतले होते, शेवटी बांधलेही होते. आईचे पाय. फक्त उजवी टाच साफ होती. ना फोड, ना व्रण. त्या दुपारच्या आधीची टाच.

पाय काय, एकासारखे एक असतात, तिने स्वतःला सांगितलं. हजार पाय पाहिले आपण. पाकीट फोडलं, आवाज साफ केला.

“डोळे मिटा. लागलं की हो म्हणा. नाही लागलं तर गप्प राहा. आता?”

पलीकडे शांतता.

दहा जागा, तीस खेपा. एकही हो आला नाही. मुके पाय होते ते, अगदी आईसारखे. जाताना पावलं फटीतून मागे सरकली आणि रबरी चादरीवर दोन ओलसर ठसे उरले. ते वाळेपर्यंत करंगळी बघत बसली.

दुसऱ्या महिन्यात सतरा नंबर पुन्हा आला. अंगठा, गप्प. मधलं बोट, गप्प. चवडा, गप्प. शेवटची जागा उजवी टाच. कागदावर दुसरी खेप रिकामी होती. पहिल्यांदा दोरा टेकवला, वाकला, उत्तर नाही. दुसऱ्यांदा तिने नुसता हात पुढे नेला.

“आता?”

“हो.”

एवढासा आवाज. श्वासाला अक्षर चिकटावं तसा. करंगळीच्या हातातला दोरा टाचेपासून वीतभर दूर होता. तिसऱ्यांदा दोरा टेकवला, चांगला दाबला. उत्तर नाही.

नोंदीच्या कागदावर रिकाम्या खेपेपुढे हो लिहायला हवं होतं. तिने पेन टेकवलं आणि लिहिलं, नाही. का लिहिलं, विचारू नका. हात गेला. आयुष्यात एकदा जी गोष्ट लपवली, ती जागा हाताला पाठ असते.

पिवळी पुडी जिथे तयार होई ती खोली वरच्या मजल्यावर. तिथे एक रसायनवाले बसत. दिवसभर कांद्याच्या साली मद्यार्कात भिजवायच्या, गाळायच्या, आटवायच्या. बोटं कायमची पिवळी. त्यांना सगळे सालवाले म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत. बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला अत्तर दिलं तरी कांदाच जिंकतो, असं स्वतःच सांगून हसायचे. त्या दिवशी करंगळी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली.

“सालवाले, हे तुमचं सालीतलं फ्लेव्होनॉइड नसांना नेमकं करतं तरी काय?”

“आज एकदम अभ्यास? असं बघा दोरेताई. झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. उभ्या जागी सोसावं लागतं. म्हणून झाड अंगातच एक पिवळं छत्र तयार करतं. सालीत, पानात, फुलात. उन्हाने आत जी जाळपोळ होते ती त्याने निवते. आता साखर वाढली की माणसाच्या नसेतही तशीच मंद जाळपोळ चालते. म्हटलं, झाडाचं छत्र माणसाला उसनं मिळतंय का बघू.”

“आणि मिळतं?”

“उंदरांना मिळालं थोडंफार. कोमट पत्र्यावर उंदीर ठेवायचा. चांगला उंदीर पाच-सहा मोजेपर्यंत पाय उचलतो. साखरेचा उंदीर उचलतच नाही. बसून राहतो बिचारा, मिशा हलवत. त्याला कळतच नाही. आपणच घाईने काढून घ्यायचा, नाहीतर भाजेल. पुडी दिलेले उंदीर जरा लवकर उचलायला लागले. पण उंदराला बरं वाटलं म्हणून माणसाला वाटेलच असं नाही. म्हणून तर तुम्ही आहात ना, दोरा घेऊन.”

करंगळीचा घास हातातच राहिला. “काढून घ्यायला कोणी नसलं तर?” असं तिच्या तोंडून निघालं.

“काय?”

“काही नाही. मला सांगा, नस परत जिवंत व्हायला लागली तर माणसाला नसलेलं लागू शकतं का? कोणी हात न लावता?”

“लागतं की. उठता उठता नस बडबडते. मुंग्या, चटके, काहीबाही. झोपेतून उठलेलं माणूस बरळतं तसं.”

“पण नेमकं त्याच क्षणी? मी दोरा टेकवते तेव्हा गप्प, आणि नुसता हात पुढे करते तेव्हाच हो?”

सालवाल्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग एक साल उचलून उजेडात धरली. सालीतून उजेड पिवळा होऊन त्यांच्या गालावर पडला. “असं एकदा झालं तर योगायोग म्हणा,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा झालं तर मोठ्या डॉक्टरबाईंना सांगा. मला नका सांगू. मला आधीच कमी झोप लागते.”

तिसऱ्या महिन्यात तसंच झालं. या वेळी टाचेची पहिली खेप रिकामी होती. तिने मुद्दाम हात मागेच ठेवला, पुढे नेलाच नाही. नुसता आवाज दिला.

“आता?”

“हो.” आणि मग जरा थांबून, “गरम.”

नियमाप्रमाणे पलीकडच्या माणसाने हो शिवाय बोलायचं नसतं. पलीकडून नर्सबाई म्हणाल्या, “सतरा नंबर, फक्त हो म्हणायचं हं बाई.” पण करंगळीला ते ऐकू आलं नाही. खोलीत वास सुटला होता. तापलेल्या रबराचा. पाणी भरताना पिशवीच्या तोंडातून वाफेबरोबर येतो तो. खोलीत रबरी चादर होती, त्यावर दिवा होता, दिवा तापतो, चादर तापते, वास येतो. तिने दिवा बंद केला. वास गेला नाही.

टेबलावर कातडीचं तापमान मोजायचं यंत्र होतं. तिने ते टाचेसमोर धरलं. एकोणतीस. गार पाय, साखरेच्या माणसाचे असतात तसे. मग तिने यंत्र ठेवलं आणि हातमोजा काढून तळहात टाचेला लावला, आणि झटकन मागे घेतला. तळहात लालबुंद झाला होता. तिने तो गालाला लावून पाहिला. गाल भाजला नाही. पण रंग उतरायला संध्याकाळ झाली.

याही वेळी तिने कागदावर लिहिलं, नाही.

त्या महिन्यात करंगळीचं मन कशात लागलं नाही. बसमध्ये बसली की समोरच्यांचे पाय बघायची. रस्त्यावर चपलांच्या दुकानासमोर थांबायची, आत जायची नाही. घरी पाणी तापवलं तर पातेल्याकडे पाठ करून उभी राहायची. आई परत आली असेल तर सूड घ्यायला आली नसणार, एवढं तिला कळत होतं. आईच्या स्वभावात ते नव्हतं. जी बाई भाजत असताना लेकीसाठी छान वाटतंय म्हणाली, ती कशाला सूड घेईल? पण मग ती का येते? दर महिन्याला, ठरल्या दिवशी, नंबर लावून, भाजण्याआधीची टाच घेऊन ती का येते? जणू म्हणते, हे बघ, अजून काही झालेलं नाही. अजून वेळ आहे. चादर वर कर.

चौथ्या महिन्यात सतरा नंबरचे पाय आले तेव्हा खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. कॉरिडॉरमध्ये कोणाचं तरी भांडण चाललं होतं पाण्याच्या मशीनवरून. नर्सबाई म्हणाल्या, “दोरेताई, तुमची सतरा नंबर आडवी झाली. मी जरा या मशीनवाल्यांना बघून येते, नाहीतर डोकी फुटतील. तुम्ही सुरू करा.” त्यांच्या सपाता फटफटत दूर गेल्या.

करंगळीने पाकीट फोडलं. कागद पाहिला. टाचेची तिसरी खेप रिकामी.

“डोळे मिटा. लागलं की हो म्हणा.”

अंगठ्याला दोरा टेकवला. पलीकडून हो आला नाही. पण काहीतरी आलं. बारीक, नाकातल्या नाकात, गुणगुणल्यासारखं. करंगळी ऐकू लागली.

अंगठोबाला दिलं घर,
शेजारणीला दिलं दार,
मधलीला दिली खिडकी गं,
चौथीला वारा गार.
करंगळीला काय उरलं?
करंगळीला आई...

हे गाणं कुठल्या पुस्तकात नव्हतं. दोन लेकींची बोटं पुसताना आईने स्वतः जुळवलं होतं, एकेका बोटाला एकेक ओळ. धाकटीच्या पायाचं शेवटचं बोट धरून आई शेवटची ओळ म्हणायची, म्हणून तर तिचं नाव करंगळी पडलं. सबंध जगात हे गाणं तीन जणींना येत होतं. एक गेली होती. एक पडद्याच्या अलीकडे बसली होती.

तिसरी.

मुलींना आईचे पाय येतात, ही गोष्ट इतकी साधी होती, आणि चार महिने तिला सुचली नव्हती. तिचे स्वतःचे पाय बाबांवर गेले होते, रुंद आणि सपाट. आईचे पाय ताईला आले होते. आईचा आजार ताईला आला होता. आणि अकरा वर्षांत आवाजही उतरून आईचा झाला होता.

“करंगळे,” पडद्यापलीकडून आवाज आला. “तूच आहेस ना गं?”

करंगळीने दोरा पायावरून उचलला.

“डोळे मिटा म्हणालीस ना, पहिल्या दिवशी, तेव्हाच ओळखलं. लहानपणी लपाछपी खेळताना अशीच दरडावायचीस, डोळे मीट, फट ठेवू नकोस.” पलीकडे एक कोरडं हसू झालं. “फॉर्मवर विचारलं होतं, इथे कोणी नातेवाईक काम करतं का. मी तेव्हा लिहून गेले होते, नाही. मला काय माहीत? आणि कळल्यावरही खोडलं नाही. म्हटलं, खोटं तरी कुठे आहे?”

“ताई...”

“बोलू नकोस, तुझी नोकरी जाईल. मीच बोलते. मी आधीच बाद झाल्यात जमा आहे.” ताईचा उजवा पाय जरा हलला, अंगठ्याशेजारचं लांब बोट वर उचललं गेलं आणि खाली पडलं. “मी इथे का आले सांगू? माझी मुलं म्हणतात, पाय वाचावेत म्हणून. तसं काही नाही. ती चप्पल आहे माझ्याकडे. आईची. कपाटात ठेवलीय, कागदासकट. मी ती काढते आणि आतून हात फिरवते. शिवण बघते, पट्टा बघते, खिळा आहे का बघते. कुठे टोचली असेल तिला? अकरा वर्षं शोधतेय. मला सापडतच नाही गं. मऊ आहे ती. मी मऊच बघून आणली होती. शेवटी घालून चालायला लागले. दोन वर्षं रोज घरात घालून चालले, म्हटलं माझ्या टाचेला कळेल. आणि मग माझ्याच टाचेला कळायचं बंद झालं.”

खोलीत रबराचा वास दाटू लागला होता. या खेपेला दिवा लावलेलाच नव्हता.

“म्हणून म्हटलं, या पिवळ्या गोळीने पाय जागे झाले तर एकदा शेवटचं घालून बघेन. कुठे चावते ते एकदा कळू दे. मग आईला तोंड दाखवेन. पण हे काहीतरी भलतंच व्हायला लागलंय, करंगळे. चप्पल घातली की काही लागत नाही. तुझा दोराही लागत नाही. पण तू इथे बसून आता म्हणतेस आणि हात लावत नाहीस, मला पडद्याआडून कसं कळतं देव जाणे, त्या वेळी टाचेखाली गरम लागतं. मऊ आणि गरम. पाण्यासारखं हलतं. आधी बरं वाटतं, मग चटका बसतो. पाय काढावासा वाटतो आणि निघत नाही. कोणीतरी वरून चादर घातल्यासारखं. हे काय आहे गं? तू एवढी शिकलीस. सांग ना. चप्पल अशी गरम का लागते?”

करंगळीने दोरा टेबलावर ठेवला. नोंदीचा कागद ओढला. मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी मागच्या पानावर होत्या. तिने ‘नाही’वर रेघ मारली आणि शेजारी ‘हो’ लिहिलं, दुसऱ्या ‘नाही’वरही रेघ मारली आणि ‘हो’ लिहिलं, खाली सही केली. म्हणजे सतरा नंबर बाद. कदाचित तिची नोकरीही बाद. कॅप्सूल खरी होती की पोकळ, ते तिजोरीतल्या कागदालाच ठाऊक.

दूर कॉरिडॉरमधून नर्सबाईंच्या सपाता परत येऊ लागल्या. एवढाच वेळ होता. अकरा वर्षांपूर्वी खिडकीत मिळाला होता, साधारण तेवढाच.

तिने हातमोजे काढले आणि ताईची उजवी टाच दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली. टाच पेटल्यासारखी तापली होती. तिने हात मागे घेतला नाही.

“लागतंय का?” तिने विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. आणि मग, आईला जे कधी म्हणता आलं नव्हतं ते म्हणाली, “भाजतंय गं.”

“ताई, चपलेत काही नाही. शोधू नकोस. चप्पल चावलीच नव्हती. त्या दुपारी आईच्या टाचेखाली गरम पाण्याची पिशवी मी ठेवली होती.”